मालकाला भरपाई, सुटलेल्याला हजेरी

सोलापूर स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी पुरतं, तो पुढचा फक्त नंबर विचारतो. सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक, हा पत्ता आधार कार्डावर आहे, लाईट बिलावर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, मोबाईलच्या मॅपवर पण आहे. शहरातल्या बऱ्याच लोकांना ती एखादी जुनी हाउसिंग स्कीम वाटते, नव्या पोरांना तर तेवढंही नाही, एरियाचं नाव आहे बस्स. पण ही इंग्रज सरकारनं तारेचं कुंपण घालून वसवलेली जागा होती आणि आत ठेवलेली माणसं कुठल्या कोर्टात गुन्हा शाबित झाला म्हणून आलेली नव्हती, अमक्या जमातीत जन्मली एवढाच त्यांचा गुन्हा.

गेले काही महिने मी गुलामगिरीचा इतिहास वाचतोय, म्हणजे इंग्रजांच्या साम्राज्यातली गुलामगिरी आणि ती संपवायचे कायदे, आणि जिथं जाईन तिथं मला आमची सेटलमेंट दिसायला लागली. शाळेत आपण सगळेच एक वाक्य शिकलो, की इंग्रजांनी राज्य केलं खरं पण सती बंद केली, गुलामगिरी बंद केली, रेल्वे आणली. त्यातलं मधलं जे आहे ना, गुलामगिरी बंद केली, ते नीट उलगडून बघायला पाहिजे. बंद केली म्हणजे नेमकं काय केलं, कुणाला काय दिलं, आणि सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं गेला. मला वाटतं मुक्तीच्या कुठल्याही कायद्याला हाच प्रश्न विचारावा.

तर आधी लंडन. गुलामगिरी रद्द करायच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली २८ ऑगस्ट १८३३ ला, आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १८३४ पासून. कॅरिबियन बेटं, मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतला केप वगैरे धरून आठ लाखांच्या आसपास माणसं त्याच्या कक्षेत आली. आता नीट वाचा, या कायद्यात नुकसानभरपाई होती, आणि ती होती दोन कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास चाळीस टक्के. ती कुणाला मिळाली? मालकांना. माणूस ही तुमची मालमत्ता, सरकार ती तुमच्याकडून काढून घेतंय, तर तिची किंमत घ्या असा हिशोब. चाळीस हजारांवर दावे आले, त्यात बेटांवरचे मोठे मळेवाले होते तसे इंग्लंडातल्या गावातले पाद्री होते, विधवा बायका होत्या ज्यांनी आपला गुलाम कधी डोळ्यानंही पाहिला नव्हता, नवऱ्याच्या मृत्युपत्रात चार माणसं वारसाहक्कानं आली म्हणून त्यांचा अर्ज. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांच्या नावानं एक शिलिंग सुद्धा निघाला नाही.

आणि या भरपाईसाठी सरकारनं कर्ज काढलं, ते कर्ज पुढच्या कर्जात, ते अजून पुढच्या रोख्यात असं सरकत सरकत शेवटी २०१५ मध्ये फिटलं. २०१५! ही तारीख वाचून मी पुस्तक खाली ठेवून गच्चीत जाऊन उभा राहिलो. जमैका-बार्बाडोसमधून लंडनला येऊन बस चालवणारी, हॉस्पिटलात नर्सिंग करणारी जी माणसं, त्यांच्या खापरपणज्यांना ज्यांनी राबवलं त्या मालकांची भरपाई या लोकांच्या पगारातून कापलेल्या टॅक्समधून फिटत होती.

बरं सुटलेल्यांना तरी लगेच सोडलं का, तर नाही. सहा वर्षांखालची लेकरं तेवढी मोकळी झाली, बाकीच्यांनी 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडं आठवड्याला पंचेचाळीस तास फुकट राबायचं, शेतावरच्यांनी सहा वर्षं. माणसं चिडली, इंग्लंडातही त्याविरुद्ध मोहीम उभी राहिली, म्हणून ते १ ऑगस्ट १८३८ ला आवरावं लागलं. पन्नास वर्षं आधीपासून गुलामांनीच बंडं करून मालकांची झोप उडवली होती, हैतीत तर १७९१ ते १८०४ लढून त्यांनी स्वतःचं राज्य उभं केलं. जमैकात १८३१ च्या नाताळात हजारो गुलाम उठले, त्याला दीड-दोन वर्षं होतात न होतात तोच लंडनला कायदा झाला. हे आपल्या शाळेच्या वाक्यात कुठंच नाही.

त्या कायद्याच्या ६४ व्या कलमात लिहिलंय की हा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या मुलखाला, सिलोनला आणि सेंट हेलेना बेटाला लागू नाही. म्हणजे आपण बाहेर. सोलापूर १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोनं घेतलं होतं, म्हणजे सोलापूरही बाहेर.

इथं एक गोष्ट सरळ बोलली पाहिजे, नाहीतर सगळं पाप इंग्रजांच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होऊ. गुलाम आपल्याकडं पण होते. पेशव्यांच्या दफ्तरात कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या, इकडून तिकडं पाठवल्याच्या, किमतीच्या नोंदी आहेत. सरकारी कोठीत, पागेत, किल्ल्यावर दळायला, झाडायला, शेण काढायला या बायका असायच्या आणि त्यांना झालेली पोरंही बहुतेक तिथलीच व्हायची. दुष्काळात पोट भरत नाही म्हणून आईबापांनी विकलेल्या, लुटीत पकडून आणलेल्या, बदफैलीचा आरोप ठेवून सरकारजमा केलेल्या बायका. या बायकांचं आपल्या ऐतिहासिक सिरीयलमध्ये नाव नाही, मागं पंखा हलवत उभ्या असतात त्या त्याच.

आणि दुसरं टोक पण याच मुलखातलं. मलिक अंबर इथियोपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादकडून फिरत फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं. १६२४ ला भातवडीची लढाई जिंकल्यावर तो आदिलशाहीवर चालून गेला आणि त्याच मोहिमेत सोलापूरचा किल्ला त्यानं घेतला. आमचा भुईकोट, जिथं आम्ही रविवारी पोरांना घेऊन जातो, तो एकेकाळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसानं जिंकलेला आहे. म्हणून दख्खनची गुलामी चांगली होती असं कुणी म्हणू नये, एका अंबरामागं किती जण नाव न लागता मेले असतील, आणि बटकीला तर कधीच सरदार होता आलं नाही. पण तिथं दार पूर्ण बंद नव्हतं, मळ्यावरच्या गुलामाला ते बंद होतं, त्याच्या रंगावर आणि रक्तावरच शिक्का मारलेला होता. हा फरक मनात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग आपल्याकडं कायदा आला ७ एप्रिल १८४३ ला. एवढासा कायदा, चार कलमं. सरकारी अंमलदारानं वसुलीसाठी माणूस गुलाम म्हणून विकायचा नाही. गुलामाच्या मालकीचा हक्क कोर्ट मानणार नाही. गुलाम आहे म्हणून कुणाची मिळकत हिरावता येणार नाही. आणि मोकळ्या माणसाविरुद्ध जे केलं तर गुन्हा होतो ते गुलामाविरुद्ध केलं तरी गुन्हाच. वाचायला छान आहे, पण त्यात गुलाम ठेवणाऱ्याला शिक्षा कुठं आहे? आजपासून तू मोकळा असं कुणाला सांगितलंय? जी बाई निरक्षर, जिला कोर्ट कुठल्या पेठेत ते माहीत नाही, तिनं स्वतः उठून जावं आणि मी कुणाची नाही म्हणून सांगावं अशी अपेक्षा. माणूस विकणं-घेणं हा गुन्हा व्हायला भारतीय दंडसंहिता यावी लागली, ती १८६० ची, लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. कंपनीला जमीनदार, वतनदार, सावकार दुखवायचे नव्हते, सारा त्यांच्याच हातून येत होता. कर्जापायी बांधलेल्या माणसाला तर या कायद्यानं हातच लावला नाही, तो सालगडी म्हणून, वेठीनं, बापाच्या कर्जात पोरगं असा राबतच राहिला, वेठबिगारी बंदीचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं. आणि आज आमच्या जिल्ह्यात गाळप हंगामाला कोयता घेऊन येणारी जोडपी मुकादमाची उचल फिटेपर्यंत हलू शकत नाहीत, त्यांना जाऊन विचारा १८४३ चा कायदा पोचला का म्हणून.

इकडं मॉरिशसला १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. ती आधीच शोधून ठेवलेली होती, २ नोव्हेंबर १८३४ ला अॅटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. करार, म्हणजे गिरमिट. पुढच्या ऐंशी वर्षांत तिथं साडेचार लाखांच्या घरात माणसं गेली, त्यात कोकण-देशावरची मराठी माणसंही होती, त्यांची पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात. गिरमिट म्हणजे गुलामी नव्हे, त्याला मुदत होती आणि थोडका का असेना पगार होता, हे मान्य. पण काम सोडलं तर तुरुंग, मळ्याबाहेर बिनपास सापडलं तर तुरुंग. पास हा शब्द सुद्धा लक्षात ठेवा.

आता येतो मूळ मुद्द्यावर. ज्या सरकारनं ही मुक्ती केली म्हणून आपण शाळेत पाठ केलं त्याच सरकारनं १२ ऑक्टोबर १८७१ ला क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट केला. गुलामगिरी नाकारून अट्ठावीस वर्षं होतात न होतात तोच. प्रांतिक सरकारला वाटलं की अमुक जमात ही अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीर करायची सवय असलेली आहे, की तिला 'गुन्हेगार जमात' जाहीर करायचं. एकदा जाहीर केलं की तिच्यातल्या सगळ्यांची नावं रजिस्टरात, हजेरी लावायची, पास असल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, आणि वाटलं तर उचलून एका जागी कोंडायचं. आणि सगळ्यात भयानक म्हणजे ही घोषणा बरोबर की चूक हे कुठल्याही कोर्टाला विचारता येणार नाही असं कायद्यातच लिहून टाकलेलं. खून केलेल्या माणसाला वकील मिळत होता, पारध्याच्या घरात जन्मलेल्या तान्ह्या पोराला नाही.

हे एवढं का केलं हा प्रश्न मला फार दिवस छळत होता आणि त्याचं उत्तर कुणाच्या दुष्टपणात शोधून भागत नाही, ते त्या वेळच्या राज्यकारभारात आहे. ही बहुतेक फिरती माणसं. बंजारा बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ वाहायचा, कैकाडी टोपल्या-कणग्या विणत गावोगाव फिरायचा, पारधी रानात फासे लावायचा, वडार दगड फोडत जिथं काम तिथं जायचा. सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, आणि रुळावरून वाघिणी धावायला लागल्या की बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांना कोण विचारतं. मग जंगलाचे कायदे आले, १८७८ च्या कायद्यानं सरकारनं रानं राखीव केली, पारध्याचा बापजाद्यांचा धंदा एका रात्रीत चोरी झाला. जो एका जागी राहत नाही, ज्याच्याकडून सारा येत नाही, ज्याचं नाव कुठल्या गावच्या खात्यावर नाही, त्याचं काय करायचं हे त्या सरकारला कळेना. वर इंग्रज साहेबांच्या डोक्यात असं बसलेलं की इथं सुताराचा पोरगा सुतार होतो तर चोराचा पोरगा चोरच होणार, जातच आहे त्यांची. आणि आपल्या गावातल्या पाटलांनी, सावकारांनी ते खुशीनं मान्य केलं हेही तितकंच खरं.

म्हणून वर म्हटलं की तो फरक लक्षात ठेवा. मळ्यावरच्या गुलामाच्या रक्तावर शिक्का होता, तोच शिक्का त्यांनी इथं आणला. फक्त इथं त्याला विकायचं नव्हतं, मोजायचं होतं.

१८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा दिली. चार वर्षांचं पोर! १९११ ला नवा कायदा करून मुंबई आणि मद्रास इलाख्यासकट सगळा देश त्यात घेतला, बोटांचे ठसे आले, आणि मग आपल्या भागात सेटलमेंट उभ्या राहायला लागल्या. विजापूर, हुबळी, गदग, बेळगाव, बारामती आणि आमचं सोलापूर. सोलापूरच का, तर इथं मिल होत्या. १८७० च्या दशकापासून इथं जुनी मिल चालू होती, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, भोंग्यावर चालणारं शहर झालं होतं हे आणि मिलला हात पाहिजे होते. गावातला बदली कामगार पीकपाण्याच्या दिवसात गावाकडं पळतो, संपावर जातो. सेटलमेंटचा माणूस पळू शकत नाही, पळाला तर वॉरंट निघतं. स्टार्ट नावाचा अधिकारी मुंबई इलाख्यातल्या या सगळ्या सेटलमेंट बघायचा, आणि सोलापूरच्या वस्तीचा काही भाग बरीच वर्षं अमेरिकन मराठी मिशनकडं चालवायला होता, तिला उमेदपूर म्हणायचे.

आता न्यायानं सांगायचं तर पगार मिळायचा. शाळा काढली, दवाखाना होता, सुतारकाम-विणकाम शिकवलं, आणि तिथल्या शाळेतून शिकून मोठी झालेली माणसं आहेत. भीमराव जाधव गुरुजी त्या सेटलमेंटमधलेच, ज्यांनी पुढं आख्खं आयुष्य भटक्या-विमुक्तांच्या पोरांच्या शिक्षणाला दिलं. मिशनच्या लोकांमध्ये मनापासून झटणारेही होते. पण शाळा बाकीच्या सोलापुरातही निघत होत्या आणि त्या पोरांच्या शाळेला तार नव्हती. कुंपणाच्या आत दिलेली शाळा म्हणजे उपकार असं ज्याला वाटतं त्यानं तिथं आठ दिवस राहून दाखवावं असं मला वाटतं.

माझा एक मित्र सेटलमेंटमधला, कॉलेजपासूनचा. त्याची आजी आता नाही, पण तिच्याशी मी बोललेलो आहे, भिंतीला टेकून बसायची, कपाळावर गोंदण, माझे आजोबा जुनी मिलला साच्यावर होते म्हटल्यावर एकदम जवळीक झाली. मी विचारलं, "आजी, हजेरीचं आठवतं का हो तुम्हाला?" तर म्हणाली, "आठवना तर? लहान हुते मी, पर आई झोपंतनं उठवायची. रातच्याला बी घ्यायचे. थंडीत उबं ऱ्हायाचं, नाव घेतलं की हाय म्हनायचं." मी विचारलं आजारी असलं तर? "आजारी असलं तरी यायाचं की. माजा मोटा बाप तापानं फणफणलेला, त्येला दोगांनी धरून उबा केला. हाय म्हनला आन् खाली बसला." मग ती बराच वेळ मिलबद्दलच बोलत राहिली, बायका कांडी भरायच्या, जॉबर कसा खवट होता, आणि नात्यातल्या लग्नाला बार्शीला जायचं तर आठ दिवस आधी पास मागावा लागायचा, लग्न लागून गेल्यावर पास यायचा कधी कधी. नातू मधेच म्हणाला, "आजे, तू त्यांना शिव्या घालायचीस ते सांग की." ती हसली नाही. म्हणाली, "कुनाला घालू? समदेच मेले."

सोलापूरकर म्हणून मला या शहराच्या १९३० चा अभिमान आहे आणि तो राहणारच. मे महिन्यात गांधींना अटक झाली, गाव पेटलं, पोलीस आणि अधिकारी शहर सोडून स्टेशनकडं गेले, काही दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. मग १२ मेला मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, त्यांचे पुतळे चौकात आहेत आणि तिथून जाताना माझा हात आजही कपाळाला जातो. पण आजीला भेटल्यापासून त्या दिवसांचं काही वाचलं की मी पानावर सेटलमेंट शोधतो. गाव स्वतंत्र झालं होतं त्या दिवसात तारेच्या आत हजेरी झाली का? कुणी तिकडं गेलं का, दार उघडलं का? जे जे वाचलं त्यात तिकडं कुणी बघितल्याचं मला सापडलेलं नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीला सुद्धा ती माणसं 'आपल्यातली' वाटायला वेळ लागला. १९३६ ला नेहरूंनी या कायद्याला झोडपलं, मुंबईत काँग्रेसचं सरकार आल्यावर गृहमंत्री क. मा. मुन्शींच्या अध्यक्षतेखाली त्यावर समिती बसली, मग महायुद्ध, मग फाळणी. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात मिरवणुका निघाल्या तेव्हा कायदा पुस्तकात तसाच होता. मुंबई राज्यानं तो १९४९ ला उठवला, केंद्राच्या अय्यंगार समितीनं सगळ्या देशातून काढा म्हणून सांगितलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभर गेला. त्या दिवशी नेहरू आले आणि सेटलमेंटची तार तोडली गेली अशी आठवण सोलापुरातली जुनी माणसं सांगतात. म्हणून ३१ ऑगस्टला आमच्याकडं विमुक्त दिन असतो, हलगी वाजते, मिरवणूक निघते, भाषणं होतात.

आणि पुन्हा तोच प्रश्न. तार तुटली, सकाळ झाली, हातात काय होतं?

जमीन नव्हती. बैल केव्हाच गेले होते. रान सरकारचं. मिलमधली नोकरी होती, ज्यांची होती त्यांची, आणि ती पुढं मिलच बंद पडल्यावर गेली. गावाकडं जावं तर ज्या गावानं पोलिसात नाव दिलं तेच गाव. आणि जन्मानं गुन्हेगार हे कलम गेल्यावर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा, ज्यात जमातीचं नाव नाही पण पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यात कुठली यादी होती हे सांगायला नको. कुठंही दरोडा पडला की आधी पारध्यांची पालं उठवायची ही सवय अजून गेलेली नाही, जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याला जाऊन विचारा. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर, त्यात कोर्टाला हे सांगावं लागलं की विमुक्त जमातीतला आहे म्हणून कुणाला सराईत गुन्हेगार समजायचं नाही. तार तुटून बहात्तर वर्षं झाल्यावर.

आमच्या सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके २००६ ला नेमलेल्या भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ ला अहवाल दिला. बहुतेकांकडं जमिनीचा तुकडा नाही, कित्येकांकडं राहत्या जागेचा कागद नाही, रेशन कार्ड नाही. त्यानंतर इदाते आयोग झाला, त्याचा अहवाल २०१८ ला. अहवाल जमतात.

आणि कागदाचं तर मी डोळ्यानं बघितलंय. मित्राच्या मुलीच्या अॅडमिशनला जात पडताळणी, त्याला पुरावा पाहिजे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख ठरलेली आहे. म्हणजे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फिरायला लावलं, मग कोंडलं, मग सोडलं, त्यांनी १९६१ च्या आधी आपण अमुक ठिकाणी अमुक जातीचे होतो हे कागदावर दाखवायचं. मित्राला आजोबांचा शाळेचा दाखला सापडला म्हणून निभावलं. वडारवाडीत, पालावर राहणाऱ्याला कुठला दाखला? आणि अजून एक, दक्षिण सोलापूरची हद्द ओलांडून विजापूरकडं गेलं की तिथला लमाणी तांडा अनुसूचित जातीत, तेलंगणात तोच अनुसूचित जमातीत, आणि हद्दीच्या अलीकडं आमचा मुळेगाव तांडा विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती, सोलापुरात नाही. सोयरीक हद्दीपलीकडं होते, भाषा एक, देव एक, लग्नात गाणी तीच, आणि पोरांच्या सवलती वेगळ्या. रेघा कुणीतरी टेबलावर मारल्या आणि त्या अजून आम्ही तशाच ठेवल्यात.

यावर लोक म्हणतात किती वर्षं तेच उकरून काढायचं. मालकांची भरपाई २०१५ पर्यंत फिटत होती, तेव्हा कुणी म्हणालं नाही जुनं झालं, सोडून द्या. कर्ज कर्ज असतं, ते व्याजासकट फेडलं त्यांनी. मग इकडचं देणं कुठल्या खात्यावर लिहिलंय? मला सेटलमेंटमधल्या प्रत्येक घराचा पक्का उतारा हवाय, १९६१ च्या अटीऐवजी गृहचौकशी आणि समाजाची साक्ष धरायला हवीय, आणि सोलापूरच्या इतिहासात चार हुतात्म्यांच्या धड्यानंतर पानभर तरी ही वस्ती हवीय.

मित्रानं आणि मी एक काम हातात घेतलंय. सेटलमेंटमधल्या जुन्या माणसांकडून ऐकून लिहून घ्यायचं, कारण ज्यांना हजेरी स्वतः आठवते ते आता ऐंशीच्या पुढं आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातलं कुणीतरी जातं. तुमच्या घरात कुणी तिथलं असेल, हुबळी-गदग-बारामतीच्या सेटलमेंटमधलं असलं तरी चालेल, तर फोनवर रेकॉर्ड करा, जमेल त्या भाषेत, टकारी, पारधी, कैकाडी, कन्नड, काहीही. विचारायचं एवढंच: कोणत्या मिलमध्ये कोणत्या खात्यात होते, पगार कुणाच्या हातात यायचा, पास कुठवर चालायचा, उशीर झाला तर काय व्हायचं, मयत झाली तर माती द्यायला बाहेर सोडायचे का. आणि तार निघाली त्या दिवशी घरातलं पहिलं माणूस कुठं गेलं.